पिशवी काढली, दुखणं राहिलं

ऑपरेशनला बावीस दिवस झाले होते. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. बाळांना मांडीवर घेऊन बाया व्हरांड्यात बसल्या होत्या. मी एका दीड महिन्याच्या मुलीला सुई टोचली, कापूस दाबून धरला, आणि उजव्या बरगडीखाली ती ओळखीची कळ उठली. तिथून ती पाठीत शिरली आणि खांद्याच्या पात्याखाली जाऊन बसली.

मी पंधरा वर्षांपासून आरोग्यसेविका आहे. नेर तालुक्यातल्या एका गावच्या उपकेंद्रात काम करते, राहते नेरला. गावात सगळे मला सिस्टर म्हणतात. पित्ताची पिशवी पोटात कुठे असते हे मला माहीत होतं, आणि माझी आता तिथे नाही हेही माहीत होतं. मग दुखत काय होतं?

"सिस्टर, चेहरा काहून असा झाला?" शेजारी यादी घेऊन बसलेल्या शारदाताईंनी विचारलं. त्या आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या.

"काही नाही. टाके ओढले."

हे खोटं होतं. पुढचे दहा महिने कामावर मी असंच खोटं बोलत राहिले.

*

त्याआधीची दोन वर्षं मी स्वतःच स्वतःची डॉक्टर होते. जेवण झालं की छातीखाली दाटून यायचं, मी गॅसची गोळी घ्यायचे आणि कामाला लागायचे. बायांना जे सांगायचे तेच स्वतःला सांगितलं. वेळेवर जेवत नाही म्हणून होतं. एकदा मात्र रजिस्टर लिहिता लिहिता घामानं भिजले आणि ओकारी झाली, तेव्हा दिलीप मला यवतमाळला घेऊन गेले. दिलीप म्हणजे माझे मिस्टर. नेरच्या बसस्टँडजवळ त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. "सिस्टर, पिशवी खड्यांनी भरली आहे. इतके दिवस काय करत होत्या?"

इतके दिवस मी दुसऱ्यांना तपासायला पाठवत होते.

येताना दिलीप म्हणाले, "पार्ट खराब झाला त काढून टाकायचा. त्यात काय भ्यायचं?" मला हसू आलं आणि बरंही वाटलं. पण भीती होतीच. ऑपरेशनची नव्हती. भूल दिल्यावर आपण काय बडबडू, आणि मुलीच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत उठू की नाही, अशा भलत्याच गोष्टींची होती.

ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. पोटावर चार बारीक चिरा. आमच्या खोलीत पाच बाया होत्या, आणि रोज सकाळी राउंडला येणारी नर्स प्रत्येकीला खड्या आवाजात एकच विचारायची, "गॅस पास झाला का?" पहिल्या दिवशी आम्ही लाजलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी ओरडल्या, "झाला व बाई, झाला! पेढे वाट!" टाके धरून धरून हसलो सगळ्या. ती खोली मला अजूनही चांगली आठवते.

खडे एका छोट्या बाटलीत दिले होते. सासूबाई ती बाटली भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आता काही नाही. जड होतं ते गेलं."

*

कळ पुन्हा आली, आणि येतच राहिली. कधी आठवड्यात एकदा, कधी लागोपाठ तीन दिवस. तिच्यासोबत आणखी एक त्रास सुरू झाला. तो लिहायची लाज वाटते, पण लिहिला नाही तर या लिहिण्याचा उपयोग काय? दोन घास पोटात गेले की शौचाला पळावं लागायचं. थांबवता यायचं नाही. पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं.

गृहभेटींच्या रजिस्टरमध्ये शौचालय आहे की नाही, असा एक रकाना असतो. पंधरा वर्षं तो मी डोळे झाकून भरला. आता गावात शिरायच्या आधी तो उघडून पाहायला लागले. कोणत्या गल्लीत कोणाकडे आहे, कोणाकडे आहे पण त्यात सरपण भरलंय, कोणाकडे दाराला कडी नाही, सगळं तोंडपाठ झालं. उपकेंद्रात जायच्या दिवशी सकाळी काही खायचंच नाही, असं ठरवलं. मग दुपारी उपाशीपोटी कळ यायची.

आणि बसवत नव्हतं. कळ आली की उभं राहावं वाटायचं, उभं राहिलं की चालावं वाटायचं, चाललं की आडवं व्हावं वाटायचं, आडवं झालं की उठून पळावं वाटायचं. घरी मी अंगणात नळापासून फाटकापर्यंत येरझारा घालायचे. कळ नसेल त्या दिवशीही घालायचे, कारण ती आता येईल, मग येईल, याची वाट पाहणं कळीपेक्षा वाईट होतं.

"वंदे, बस न व एका जागी," सासूबाई म्हणायच्या. "तुह्याकडे पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली."

त्या माझ्यासाठी वेगळा मुगाचा वरणभात शिजवायच्या. वणीची बहीण फोनवर ओवा सांगायची, गॅरेजमधली गिऱ्हाइकं दिलीपजवळ हिंग, कारलं, कोरफड सांगायची. मी सगळं केलं. कारल्याच्या रसानं तर दोन दिवस घराबाहेर पडता आलं नाही.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफी स्वच्छ. अमरावतीला गेले, तिथे तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, थोडी सूज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. तिसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि दिलीपला विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का यांना?" मी समोर बसले होते. मला नाही विचारलं.

त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. फाइल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदावर खाली एकच शब्द होता, नॉर्मल. हा शब्द मी किती जणांना आनंदानं सांगितला असेल! आता तो वाचला की अंगाची आग व्हायची.

*

नणंदेच्या मुलाचा मंगलपरिणय पुसदला होता. सगळे गेलो. मी सकाळपासून पाण्यावर होते. पण जेवणाच्या वेळी नणंदबाईंनी स्वतः ताट आणून हातात दिलं. नवरदेवाच्या आईला नाही कसं म्हणायचं? एक पुरी आणि थोडी वांग्याची भाजी खाल्ली. दहा मिनिटांत घाम फुटला. मंडपाच्या मागे जाऊन मी एका खांबाला धरून उभी राहिले.

चार-पाच नातेवाईक जमले. कोणी म्हणालं दवाखान्यात न्या, कोणी म्हणालं सोडा पाजा. तेवढ्यात दिलीप आले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काही नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल हायेत. हिचं असंच असते."

"असंच म्हणजे कसं?" मी विचारलं.

"आता इथे नको, वंदना."

"इथेच सांगा. मी काय नाटक करून राह्यली?"

"मी तसं म्हटलं का?"

"हिचं असंच असते म्हणजे दुसरं काय?"

माझी मुलगी ऋतुजा माझा हात धरून म्हणाली, "आई, चल." तिच्या चेहऱ्यावर लाज होती. मला तिचा राग आला नाही, पण ते विसरताही आलं नाही. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. तो अबोला जवळजवळ तीन आठवडे टिकला. जेवायला वाढणं, कपडे, चावी कुठे आहे, इतकंच.

*

यानंतर जे झालं त्यानं मी खरी घाबरले.

पुन्हा लसीकरणाचाच दिवस. सकाळपासून कळ होती, मंद, पण न सोडणारी. गर्दी होती. मी एका बाळाला इंजेक्शन दिलं, कार्डावर लिहिलं, दुसरी सिरिंज भरली, पुढच्या बाळाची मांडी धरली. सुई टेकवणार तेवढ्यात शारदाताईंनी माझं मनगट पकडलं.

"सिस्टर! याले दिली ना आत्ताच!"

तेच बाळ होतं. आईनं त्याला फक्त या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं होतं. ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसली होती, सिस्टर देते म्हणजे बरोबरच असेल.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्या दिवशी काही विपरीत झालं नाही, कदाचित झालंही नसतं. पण पंधरा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. उरलेलं सत्र शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरला बोलावून पूर्ण केलं आणि महिन्याभराची रजा टाकली.

दुपारी सामान आवरताना शारदाताई म्हणाल्या, "तुमी सांगत नाही कोणाले. किती दिवस झाले असं होऊन राह्यलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शौचाचंसुद्धा. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "कौसल्याबाई असंच सांगते न. पोटात आग पडते, जेवण जात नाही. तुमी तिले म्हणता, मनावर नका घेऊ."

शारदाताईंना टोचून बोलायचं नव्हतं. त्यांना सहज आठवलं होतं. पण मला बसलेल्या जागी कानशिलं तापल्यासारखी झाली. कौसल्याबाई साठीच्या, विधवा, गावाच्या टोकाला राहतात, दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जातात. दर महिन्याला पोटाची तक्रार घेऊन यायच्या. मी गोळ्यांची पुडी द्यायचे आणि रजिस्टरमधून मान वर न करता तेच वाक्य सांगायचे.

*

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. मी शेजारी जमिनीवर बसले.

"सिस्टर, तुमी खाली काहून बसता? बाज टाकतो न."

"राहू द्या. पोटाचं कसं आहे?"

"आता काय सांगू? तुमी म्हणान मनावर घेते."

"नाही म्हणणार. मलाही दुखतं, कौसल्याबाई. दहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात कागदावर काहीच नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "व माय, कागदाले काय दुखते?"

मला रडू आलं. त्यांच्या दारात, भर सकाळी, रस्त्यानं बाया पाण्याला जात असताना मी रडले. कौसल्याबाई उठल्या. आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

मग मी त्यांना पहिल्यांदा नीट विचारलं. कधी दुखतं, खाल्ल्यावर की खाण्याआधी, दुसरं काही औषध घेता का. त्या म्हणाल्या, "पोटाचं नाही. गुडघ्याची गोळी घेतो रोज. बाजारातल्या दुकानातून आणतो. दोन वर्सं झाले." दोन वर्षं दुखण्याची गोळी, तीही बहुतेक उपाशीपोटी, निंदणाला जायच्या आधी. मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक होती.

मी म्हटलं, "नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ. तुम्ही आणि मी."

"तुमी नेता मले?"

"तुम्ही मला न्या. मला एकटीला जायची भीती वाटते."

*

घरी हे सांगितलं तेव्हा दिलीप गॅरेजमधून नुकतेच आले होते, हात धुत होते. बराच वेळ साबण लावत राहिले.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं म्हणणं आहे ना, काही नाही म्हणून?"

"ऐक. गाडीत आवाज येते त कुठून येते, ते मले सापडते. तुह्या दुखण्याचं सापडून नाही राह्यलं. मले काही करता येत नाही, म्हणून चिडतो मी." नळ बंद करून ते तसेच ओल्या हातांनी उभे राहिले. "पुसदले बोललो ते चुकलंच."

लग्नाला वीस वर्षं झाली. एवढं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते आले. पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. बसमध्ये कौसल्याबाई खिडकीजवळ बसल्या आणि वर्धा येईपर्यंत दिलीपला कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगत राहिल्या. त्यांनीही हूं हूं करत ऐकलं.

नागपूरला रांग मोठी होती. केसपेपर, पुन्हा रांग, बाक, पुन्हा रांग. मी बाकावर दोन मिनिटं बसायचे आणि उठायचे. शेवटी ज्या डॉक्टरांपुढे गेलो त्या माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील. फाइल पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली. "आधी तुम्ही सांगा, मग कागद बघू."

मी सांगितलं. मध्ये त्यांनी माझं बोलणं एकदाही तोडलं नाही. शौचाचं सांगताना मी आवाज खाली केला, तर त्यांनी वही उघडून विचारलं, "दिवसातून किती वेळा?" जणू भुकेबद्दल विचारताहेत.

पित्ताच्या नळीचा एमआरआय सांगितला. त्यासाठी आठ दिवसांनी पुन्हा जावं लागलं. नळीत खालच्या टोकाला एक बारीक खडा अडकलेला दिसला. मी कागद हातात घेऊन तीनदा वाचला. दिलीपनी विचारलं, "काय हाये?" मी म्हटलं, "आहे. खरंच आहे." पोटात खडा निघाला म्हणून आनंदानं रडणारी बाई त्या दवाखान्यात बहुधा मी एकटीच असेन.

डॉक्टर म्हणाल्या, कधी कधी ऑपरेशनच्या आधी किंवा त्या वेळी एखादा दाणा नळीत घसरतो, सोनोग्राफीत दिसत नाही, यात कोणाची चूक धरता येत नाही. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी तो काढला. दोन दिवस राहावं लागलं. त्या दोन दिवसांत सासूबाई ऋतुजाला घेऊन नेरवरून आल्या. ऋतुजा माझ्या पायाशी बसून राहिली, मग एकदम म्हणाली, "आई, पुसदला मला लाज वाटली होती. तुझी नाही, लोक बघत होते म्हणून." मी म्हटलं, "मलाही वाटली होती." एवढंच बोललो.

कौसल्याबाईंच्या पोटात जखम निघाली, त्या रोजच्या गोळीनं झालेली. रक्त कमी झालं होतं. गोळी बंद, औषध सुरू. दोन महिन्यांत त्या भाकरी-ठेचा खायला लागल्या.

*

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ज्यांची पिशवी काढली आहे आणि तरी दुखतं, त्यांना खोटी आशा दाखवायची नाही म्हणून पुढचंही लिहिते.

ती जीव घेणारी कळ गेली. मंद दुखणं मात्र महिन्यातून दोन-चारदा येतंच. आणि पळापळ कमी झाली, थांबली नाही. डॉक्टर म्हणाल्या, पित्त साठवायला पिशवी नाही, ते सतत आतड्यात उतरतं, काहींना हा त्रास राहतो. पाण्यात कालवून घ्यायची एक भुकटी दिली आहे. तळलेलं बंद, थोडं थोडं खायचं. "कायमचं आहे का?" मी विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हे उत्तर मला नॉर्मलपेक्षा बरं वाटलं.

कौसल्याबाईंचा मला हेवा वाटला, हेही सांगून टाकते. त्या पूर्ण बऱ्या झाल्या. त्यांच्या अंगणात बसून त्यांना ठेचा खाताना पाहिलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि रागही यायचा. कोणावर, ते कळायचं नाही. आता कमी येतो.

अंगणातल्या येरझारा पूर्ण बंद झालेल्या नाहीत. सासूबाई आता ओरडत नाहीत, कधी कधी काठी घेऊन सोबत दोन फेऱ्या मारतात. कामावर मी रुजू झाले. पोट दुखतं म्हणून कोणी आलं की पेन खाली ठेवते. कधी कधी घाईत विसरतेही. शारदाताई खाकरतात.

*

मागच्या कार्तिकातली गोष्ट. यवतमाळला मीटिंग होती. जेवणात पनीर होतं, नाही म्हटलं, पण चहा दोनदा झाला. परतीची बस खचाखच भरलेली, मी उभी. यवतमाळ सोडून पंधरा मिनिटं झाली असतील आणि पोटात ती मुरड आली.

मी दांडी घट्ट धरली. श्वास मोजला. नेर यायला अजून अर्धा तास होता. पूर्वी मी मेले असते, पण तोंड उघडलं नसतं. त्या दिवशी घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मला वाटलं, आता एक तर मी बोलेन, नाहीतर माझं शरीर सगळ्यांसमोर बोलेल.

"दादा, गाडी थांबवा," मी ओरडले.

कंडक्टरनं मागे वळून पाहिलं. "इथे स्टॉप नाही, ताई."

"माहीत आहे. मला शौचाला जायचं आहे. मला आजार आहे. थांबवा."

कोणीतरी तरुण मागून फिसकन हसलं. ड्रायव्हरनं आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. रस्त्यालगत तूर उभी होती, डोक्याएवढी, पिवळ्या फुलांनी भरलेली. माझ्या शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली.

"जा व माय. घाबरू नको. गाडी कुठे जात नाही."

मी पायऱ्या उतरले आणि तुरीकडे धावले. बांध ओलांडताना मागे पावलं वाजली. मी दचकून वळून पाहिलं.

बसमधून आणखी तीन बाया उतरल्या होत्या. एक माझ्याच वयाची, दोन तरण्या. पदर सावरत, इकडे तिकडे न पाहता त्या तुरीच्या वेगवेगळ्या ओळींत शिरल्या. माझ्या वयाची बाई जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं बाई, तुमी बोलल्या. मी यवतमाळपासून धरून बसली होती."